पेन्सिलीचा रकाना

ज्या तक्त्याला शेऱ्याचा रकाना नाही तो तक्ता म्हणजे नुसत्या रेघोट्या, असं यादोराव पुस्तोडे यांचं ठाम मत होतं. तीस वर्षं त्यांनी भंडारा जिल्ह्यातल्या शाळा तपासल्या होत्या. पटसंख्या, हजेरी, खडू, फळे, पिण्याच्या पाण्याचा माठ, सगळं लिहून झालं की उजव्या हाताला बोटभर जागा ते शेवटपर्यंत मोकळी ठेवत, आणि गावोगावचे मास्तर श्वास धरून त्या बोटभर जागेकडे बघत. निवृत्त झाल्यावर सही गेली, शिक्का गेला, पंचायत समितीची जीप तर त्याआधीच बंद पडली होती. शेरा मात्र राहिला. साकोलीच्या घरी बसून आता तो वरणावर, शेजाऱ्याच्या कुंपणावर आणि आकाशवाणीच्या बातम्यांवर पडू लागला.

म्हणून समाजाच्या मंडळाने अठ्ठ्याऐंशी साली उपवर मुलामुलींची सूची काढायचं ठरवलं, तेव्हा गावोगाव फिरून माहिती गोळा करायचं काम त्यांच्याकडे येणार हे सगळ्यांना आधीच कळलं होतं. त्यांना स्वतःला तर ठरावाच्याही आधी.

सूची साधी नव्हती. ती कॉम्प्युटरवर निघायची होती. ही कल्पना मंडळाचे अध्यक्ष श्यामराव यांची. ते आंधळगावचे, कोशाच्या रेशमी कापडाचे व्यापारी, आणि महिन्यातून दोनदा नागपूरला जात असल्यामुळे विज्ञानाचा विषय आपोआप त्यांच्याकडे येत असे. आमच्या भागात तोवर कॉम्प्युटर कोणी पाहिला नव्हता, त्यामुळे सगळ्यांना त्याची पक्की माहिती होती. शेजारचे किराणावाले भैय्यालाल यांना तर सर्वांत जास्त.

"साहेब, त्याले धूळ चालत नाई, घाम चालत नाई," ते कुंपणावरून सांगत. "आन् मानूस त बिलकुल चालत नाई. पन खोटं बोलत नाई जी. माह्या साळ्यानं पाह्यला."

"सूची खोटी नसणारच," यादोराव म्हणाले. "ती मी करतो आहे."

त्यांनी तक्ता आखला. नाव, वडील, गाव, जन्मतारीख, उंची, वर्ण, शिक्षण, व्यवसाय, शेती, भावंडं, मामाचं आडनाव, अपेक्षा, पत्ता. असे तेरा रकाने. चौदावा शेऱ्याचा. तेरा रकाने निळ्या शाईने भरायचे, चौदावा पेन्सिलीने.

इथे पेन्सिलीबद्दल थोडं सांगणं भाग आहे. सरकारी कचेरीत एक कायदा आहे, जो कुठे छापलेला नाही आणि जो कधी मोडला जात नाही. शाईत लिहिलेलं ते दप्तर. पेन्सिलीत लिहिलेलं ते दप्तरात धरायचं नाही. साहेबाला एखादी गोष्ट कळवायची असते पण आपण कळवली असं व्हायचं नसतं, तेव्हा कारकून कागदाच्या कडेला पेन्सिलीने लिहितो, "याचा मेहुणा सभापती आहे." साहेब वाचतो, मान हलवतो, कारकून रबर फिरवतो आणि फाईल पुढे जाते. या पेन्सिलीवर तीस वर्षं संसार केलेल्या माणसाला ती कोणी शाईच्या बरोबरीने वाचील हे सुचणं शक्य नव्हतं.

त्यांच्या मुलीला सुचलं. चंद्रकला सव्वीस वर्षांची, साकोलीतच शाळेत शिक्षिका, आणि वडिलांच्या चुका काढणं हे तिचं शाळेत जायच्या आधीपासूनचं काम. सहा वर्षांची असताना तिने त्यांच्या तपासणी अहवालातली बेरीज चुकलेली दाखवली होती, आणि यादोरावांनी आधी तिला रागावून, मग पुन्हा बेरीज करून, मग तिला कडेवर घेऊन सगळी गल्ली फिरवली होती.

"बाबूजी, हे कागद असेच नागपूरले नका देऊ," ती म्हणाली. "तेरा रकाने मी वेगळ्या कागदावर उतरवून देते."

"कायले? चौदावा पेन्सिलीत आहे."

"मग?"

"मग काय? पेन्सिलीतलं कोनी धरते का?"

"कॉम्प्युटरवर बसणाऱ्याले हे कसं समजंल?"

"चहा करनाऱ्याले, त्यात मीठ टाकू नको, असं सांगतो का आपन?" यादोरावांनी विचारलं, आणि विषय मिटल्यासारखा चष्मा पुसला.

खरं म्हणजे या सूचीत घरातल्या प्रत्येकाचं काहीतरी अडकलं होतं. चंद्रकलाला कोंढ्याचं एक स्थळ चार वर्षांपूर्वी आलेलं होतं. मुलगा भोजराज लांजेवार, पवनीला शिक्षक. उन्हाळी प्रशिक्षणात दोघांची ओळख झालेली, आणि त्या दोघांच्या मनात काय आहे हे सत्यभामाबाईंना, म्हणजे चंद्रकलाच्या आईला, मुलीने डाळीत फोडणी दोनदा घातली त्याच दिवशी कळलं होतं. मुलाकडचे चार वेळा येऊन गेले होते. यादोरावांनी पहिल्या वर्षी सांगितलं, मुलीचं बी.एड. होऊ द्या. दुसऱ्या वर्षी, नोकरी पक्की होऊ द्या. तिसऱ्या वर्षी अधिक महिना निघाला आणि त्यांनी तो बाराही महिने वापरला. आणि आता ते म्हणत होते, सूची करणाऱ्यानंच आधी आपलं उरकून घेतलं तर लोक काय म्हणतील? एकदा सूची निघू द्या.

"सूची निघाली की मंग?" सत्यभामाबाईंनी विचारलं होतं.

"मग बघू."

"पाहाचं काय राह्यलं? पोरगा पाह्यला, घर पाह्यलं, त्याचा बाप त आयकून आयकून पाठ झाला."

ही गोष्ट खरी होती. भोजराजचे वडील केवळराम हे कोंढ्याचे चांगले धान पिकवणारे, मनाने मोकळे, पण एकदा बोलायला लागले की समोरच्याला हुंकार द्यायलाही फट मिळत नसे. यादोरावांनी एकदा भोजराजला विचारलं, "वाचनाची आवड आहे का?" तर केवळराम म्हणाले, "आहे जी! म्हंजे मले होती, पन माह्या बापानं चवथीतून काढलं, आन् काहून काढलं ते सांगतो." ते सांगून झालं तेव्हा शेवटची बस निघायच्या बेतात होती. चार भेटींत मुलाने चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा त्यात लाडू घातला.

तीन महिने यादोराव एसटीने गावोगाव फिरले. घरात बसून ते शाईने लिहीत आणि बसथांब्यावर आल्यावर पेन्सिल काढत. एकशे चौदा नावं झाली. सगळ्यांना शेरा मिळाला असं नाही; ज्यांच्यात लिहिण्यासारखं काही दिसलं नाही त्यांचा रकाना कोराच राहिला. मग ते नागपूरला गेले. कॉम्प्युटरच्या कचेरीच्या दारात चपला काढल्या, काचेपलीकडच्या गार खोलीला नकळत नमस्कार केला, आणि खिडकीवरच्या मुलीकडे कागद दिले.

"सगळं टाकायचं ना, काका?" तिने विचारलं.

"सगळं," यादोराव म्हणाले. "एक अक्षर सुटता कामा नये."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दंडारीचा खेळ असतो, पाळणे असतात, शिंगाड्यांचे ढीग असतात, आणि मंडईच्या निमित्ताने आलेले पाहुणे एकमेकांच्या मुली बघून घेतात. म्हणून सूचीचं प्रकाशन आंधळगावच्या मंडईत ठेवलं होतं. नागपूरहून दीडशे प्रतींचा गठ्ठा एसटीने थेट श्यामरावांकडे आला. एक प्रत आधी बघू द्या, असा चंद्रकलाने निरोप पाठवला. श्यामरावांनी उलट निरोप दिला, गठ्ठ्याला फीत बांधून झालेली आहे. आधीच उघडली तर प्रमुख पाहुण्यांनी काय कापावं?

त्या दुपारी मांडवात बसायला जागा नव्हती. व्यासपीठावर श्यामराव, प्रमुख पाहुणे, आणि कोशाचं उपरणं घेतलेले यादोराव. गठ्ठ्याला हळदीकुंकू वाहिलं. नारळ फोडला, त्याचं पाणी गठ्ठ्यावर उडालं तेव्हा भैय्यालाल खालून ओरडले, "पानी चालत नाई त्याले!" पाहुण्यांनी फीत कापली. कडांना भोकं असलेला लांबच लांब कागद घडीघडीने उलगडला तशी मांडवातून "अगा बाबो" निघालं. मग पाहुण्यांनी चष्मा लावला आणि आपणहून, कोणी न सांगता, माईक जवळ ओढून पहिलं नाव वाचलं.

नाव, गाव, वय चोवीस, उंची पाच फूट सहा. सगळं नीट चाललं होतं.

"शेरा," पाहुणे वाचते झाले. "चोवीस पूर्ण होऊन पाच वर्षे झाली. उंची टाचांसह."

यादोरावांना वाटलं, आपल्या कानाला काहीतरी झालं आहे. पाहुणे मात्र माणूस गंभीर; हाती दिलेलं पूर्ण वाचायचं असा त्यांचा शिरस्ता. त्यांनी दुसरं नाव घेतलं. "शेरा. मुलगी उत्तम गाते असे सांगण्यात आले. ऐकल्यावर तसे वाटले नाही. घर स्वच्छ, परंतु आमच्या येण्याची खबर आधी लागलेली दिसली."

आता हसू फुटलं. एक बाई उठून उभी राहिली, ती बहुधा गाणारीची आई असावी. पाहुण्यांनी तिसरं नाव घेतलं. ते श्यामरावांच्या पुतण्याचं निघालं. "शिक्षण बी.ए. शेरा. प्रमाणपत्र दाखवा म्हटल्यावर गाय सुटल्याचे सांगून..."

श्यामरावांनी माईक हिसकावला, पण घाईत तो बंद करायच्या ऐवजी तोंडासमोर धरला. त्यामुळे त्यानंतर ते यादोरावांना जे बोलले ते मंडईतल्या पाळण्यांपर्यंत ऐकू गेलं.

खाली प्रतींवर झुंबड उडाली होती. यादोरावांनी एक प्रत ओढून घेतली आणि घाईघाईने कोंढा शोधलं. "लांजेवार, भोजराज केवळराम. मुलगा उत्तम. वडील त्याला बोलू देत नाहीत. चार भेटींत मुलाचा आवाज ऐकला नाही." त्यांनी मान वर केली. मांडवाच्या खांबाशी केवळराम उभे होते. त्यांच्याही हातात सूची होती. ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. मग त्यांनी कागदाची घडी केली, मुलाचा दंड धरला आणि एक शब्द न बोलता निघून गेले. केवळरामांना न बोलता जाताना पाहिलेले लोक अजूनही सांगतात की त्या दिवशीची खरी घटना तीच.

बायकांच्या बाजूला चंद्रकला बसली होती. ती दुसरं पान वाचत होती. तिथे तिचं स्वतःचं नाव होतं.

"मुलगी हुशार, स्पष्टवक्ती. योग्य स्थळ आलेले आहे. पालक चालढकल करतात. कारण विचारता समाधानकारक उत्तर मिळाले नाही."

तीस वर्षांच्या सवयीने यादोरावांनी स्वतःच्या घराची तपासणीही सोडली नव्हती.

सगळे साकोलीला परतले. त्यानंतर घरी माणसांची रीघ लागली. टाचांवाल्या मुलाचे काका आले. गाणाऱ्या मुलीची आई मुलीला घेऊन आली, अंगणात उभी करून दोन गाणी म्हणवून घेतली आणि म्हणाली, "आता लिहा!" यादोरावांनी प्रामाणिकपणे ऐकलं, आणि काहीच लिहिलं नाही, त्यामुळे तिसरंही ऐकावं लागलं. पण सर्वांत संतापलेली माणसं होती ती ज्यांचा रकाना कोरा होता. कॉम्प्युटरने शेरा असलेली नावं आधी आणि बिनशेऱ्याची मागे लावली होती.

"आमच्या पोरात लिहिन्यासारखं काईच नाई दिसलं का तुमाले?" एकजण म्हणाला. "पोरगा काय हवा हाये का? काईतरी वाईट त लिहाचं!"

भैय्यालालना हे दिवस फार आवडले. ते सकाळीच बैठकीत येऊन बसत आणि येणाऱ्याला पाणी देत. "साहेब, एक सांगू का," ते म्हणाले. "लोक शिव्या देऊन राहिले, पन सूची कोनी फाडली नाई. माह्याकडे तीन जन झेराक्स कुठं निघते ते इचारून गेले."

चौथ्या दिवशी यादोराव वकिलांकडे गेले. वकिलांनी सूची आस्थेने, दोनदा हसून वाचली.

"यातलं खोटं काय आहे?"

"काहीच नाही," यादोराव जरा दुखावून म्हणाले.

"मग कठीण आहे. खोटं असतं तर माफी मागून सुटला असता." वकिलांनी पुढे विचारलं, "पण हे सांगायची परवानगी त्या लोकांनी तुम्हाला दिली होती का?"

"त्यांनी तेरा रकाने सांगितले. चौदावा मी पाहिला."

"त्यांच्या घरात बसून."

यादोरावांनी सूचीची घडी घातली. वकील म्हणाले, "कायद्यात पुस्तक आहे, पत्रक आहे, भिंतीवर लिहिणं आहे. कॉम्प्युटरच्या पोटात जे आहे ते कोणाचं, याचं कलम मला माहीत नाही. आधी ते तिथून खोडून घ्या."

ते ऐकून यादोराव घरी आले तर पोस्टमन उभा. नागपूरच्या एका लोखंडी कपाटाच्या दुकानदाराचं छापील कार्ड होतं. "आपली कन्या उपवर असून उंची पाच फूट दोन इंच असल्याचे समजते. तिला साजेशा आरशाचे कपाट आमच्याकडे तयार आहे." दुपारपर्यंत कळलं की असं कार्ड सूचीतल्या प्रत्येक घरी गेलं आहे, आणि एका घरी, ज्याच्या शेऱ्यात घर लहान असल्याचा उल्लेख होता, अरुंद कपाटाची शिफारस आली आहे.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने यादोराव नागपूरला पोहोचले. या वेळी त्यांनी नमस्कार केला नाही. चपला मात्र काढल्या.

"मी पेन्सिलीत लिहिलेलं तुम्ही घेतलंत कसं?" त्यांनी विचारलं.

मुलीचा चेहरा उजळला. "दिसलं ना काका? फार फिकं होतं हो. मी भिंग लावून वाचलं. दोन दिवस डोळे दुखत होते. पण तुम्ही म्हणाला होतात, एक अक्षर सुटता कामा नये."

कामात इतकी काटेकोर मुलगी त्यांना तीस वर्षांत एकाही शाळेत भेटली नव्हती. मनात तिला उत्तम शेरा देऊन ते म्हणाले, "आता ते खोडा." आणि खिशातून रबर काढला.

मुलीने कपाटातून एक काळी, चौकोनी, पातळ वस्तू आणली. "यात आहे, काका."

यादोरावांनी ती उलटीपालटी केली. "कुठं?"

"आत. दिसत नाही. पण मी इथून पुसलं तरी काय उपयोग? अशीच एक मालकांकडे आहे. एक त्यांनी कपाटवाल्यांना दिली, ते त्यांचे साडू आहेत. आणि त्यांच्याकडून कोणी उतरवून घेतली असेल तर मला माहीत नाही. पाच मिनिटं लागतात."

"लोकांनी मला विश्वासानं सांगितलं होतं," यादोराव म्हणाले.

"हो ना," मुलगी म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "पण विश्वासाचा रकाना कुठं होता?"

यादोरावांनी रबर खिशात ठेवला आणि ते बसस्थानकावर आले. वाटेत त्यांनी एका कागदावर शाईने एकशे तेरा घरांची यादी केली. पुढचे पंधरा दिवस ते त्यातल्या एकेका घरी जाऊन दारातच उभं राहून माफी मागत होते. बहुतेकांनी चहा दिला. आतून माणसं उंबऱ्यापाशी येत, आणि साहेब जाताना खिशातून काही काढतात का हे बघत.

पण त्या रकान्यामुळे एका घरात जे झालं होतं ते त्यांना माफीनंही दुरुस्त करता येईना, कारण ते घर त्यांचं होतं. चंद्रकला रागावली नव्हती. ती शाळेत जात होती, त्यांचं पान वाढत होती, संध्याकाळी चष्मा कुठे आहे ते सांगत होती. फक्त तिने त्यांची चूक काढणं बंद केलं होतं. यादोरावांना आधी ते लक्षात आलं नाही. मग एकदा ते मुद्दाम मोठ्याने म्हणाले की नागझिरा चंद्रपूर जिल्ह्यात आहे. ती भाजी निवडत राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकोणीस अधिक सहा सव्वीस केले. ती "हाव, बरोबर" म्हणाली आणि आत गेली.

"जमीन दोन बोटं खाली गेल्यासारखी वाटून राहिली," ते सत्यभामाबाईंना म्हणाले.

"कोंढ्याची चिठ्ठी आली," सत्यभामाबाई म्हणाल्या. "वाचा."

चिठ्ठीत एकच ओळ होती. "रविवारी येतो. सूची घेऊन येतो. केवळराम." केवळराम एका ओळीत मावले, याचा अर्थ स्थळ मोडलं, यावर सगळ्या गल्लीचं एकमत झालं. चंद्रकलाने चिठ्ठी वाचली, घडी केली, आणि आईच्या हातात न देता स्वतःच्या पुस्तकात ठेवली. रविवारी सकाळी तिने नेहमीचीच साडी नेसली. सत्यभामाबाईंनी बदल म्हटलं तर म्हणाली, "मोडायलाच येत असतील तर ही चांगली आहे."

केवळराम आले. मागे भोजराज. पाठोपाठ, काही नातं नसताना, भैय्यालाल. केवळराम खुर्चीवर ताठ बसले आणि सूचीची घडी मांडीवर ठेवली.

"प्रवास बरा झाला ना जी?" यादोरावांनी विचारलं.

केवळरामांनी मान हलवली.

"धान कसं आहे अवंदा?"

पुन्हा मान. पण या वेळी गळ्याच्या शिरा फुगल्या. सत्यभामाबाईंनी पोहे दिले, त्यांनी हात जोडले. पाणी दिलं, हात जोडले. तेव्हा सगळ्यांना हळूहळू समजलं. साऱ्या समाजात छापलं गेलं होतं की हा माणूस मुलाला बोलू देत नाही. ते खोटं पाडायला केवळराम कोंढ्याहून तोंड बंद करून निघाले होते, आणि बसमध्येही ते पाळलं होतं. कंडक्टरलाही त्यांनी बोटांनी तिकिटं दाखवून मागितली होती, हे भोजराजने नंतर सांगितलं.

आता बोलायची जबाबदारी भोजराजवर होती. सत्तावीस वर्षांनी हाती आलेल्या सवलतीचं काय करावं हे त्याला क्षणभर कळलं नाही. मग तो खाकरला. त्याचा आवाज कोणी कल्पना केली नसेल इतका जाड होता. भैय्यालालच्या हातातला पोह्यांचा चमचा तसाच राहिला.

"साहेब, एक विचारू का?"

"विचारा."

"सूचीत लिहिलं आहे, कारण विचारता समाधानकारक उत्तर मिळाले नाही. कोणी विचारलं होतं?"

"मीच."

"कोणाले?"

यादोराव उपरण्याचं टोक चाळत म्हणाले, "मलेच."

"मग आता मी विचारतो," भोजराज म्हणाला. "चार वर्षं झाली. काहून?"

असा प्रश्न यादोरावांनी आयुष्यभर दुसऱ्यांना विचारला होता. समोर उभा असलेला मास्तर कसा आधी छताकडे, मग पायाच्या अंगठ्याकडे बघतो हे त्यांना पाठ होतं. त्यांनी छताकडे बघितलं. मग पायाच्या अंगठ्याकडे.

"विचार करून," ते म्हणाले, "लेखी देतो."

"लेखी पुरं झालं, बाबूजी," दारातून चंद्रकला म्हणाली. "तोंडी सांगा."

यादोरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला नाही.

"ही गेली," ते म्हणाले, "त माह्या चुका कोन काढन?"

कोणी हसलं नाही. सत्यभामाबाईंनी तोंड भिंतीकडे केलं. भोजराजने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात खुर्ची कुरकुरली. केवळराम उभे राहिले होते. पहाटेपासून दाबून धरलेलं सगळं त्यांच्या चेहऱ्यावर चढलं होतं.

"मी येत जाईन ना जी!" ते ओरडले. "दर हप्त्याले येईन! चुकाच काढाच्या हायेत ना? हे पाहा!" त्यांनी सूची उलगडली. सबंध कागदावर लाल खुणा होत्या. "कोंढा तालुका साकोली लिहिला तुमी! पवनी पाह्यजे, पवनी! पोराले दोन भावंडं लिहिली, तीन हायेत, धाकटीले तुमी धरलंच नाई, ती दोन दिवस जेवली नाई! मामाचं आडनाव चुकलं! आन् सगळ्यात मोठी चूक कोनती? म्हने मी पोराले बोलू देत नाई! मी?"

"बाबा, मी काय म्हणतो..." भोजराज म्हणाला.

"तू थांब रे!"

भैय्यालालनी पोहे खाली ठेवले आणि तोंडावर रुमाल धरला. पण यादोरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांची मान ताठ झाली होती.

"तालुका मी पवनीच लिहिला होता," ते म्हणाले. "ही चूक कॉम्प्युटरची आहे. माझी असूच शकत नाही."

"साकोलीच लिहिलं होतं तुम्ही, बाबूजी," चंद्रकला म्हणाली. "मी तेव्हाच पाहिलं होतं. आणि एकोणीस अन् सहा पंचवीस होतात. नागझिरा भंडारा जिल्ह्यात आहे."

यादोराव तिच्याकडे बघत राहिले. केवळराम मामाच्या आडनावाचा इतिहास सांगायला लागले होते. यादोरावांनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि सत्यभामाबाईंना पंचांग आणायला सांगितलं.

केवळरामांनी शब्द पाळला. त्यानंतर दर आठवड्याला ते साकोलीला येत राहिले, यादोराव चुका करत होते तोवर.